दुसरी वेलांटी

प्रिय वेलांटी,

आधी बस. पाणी पी. वहिनी, तुम्हीही बसा, कारण हे तुम्हालाच मोठ्यानं वाचून दाखवायचंय. परवापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, आणी शुद्धलेखनाला तर अजिबात नको.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. इतक्या वर्षांनी तुमच्या घरून फोन म्हणजे काहीतरी वाईटच, असं धरून मी स्टुलावर बसूनच घेतला. म्हणाल्या, यांना आता मुलीचं नावही पटकन आठवत नाही, पण दिवसातून दहादा विचारतात, प्रकरण आलं का? कसलं, कुणाचं, ते काही सांगत नाहीत. वकिलाला विचारून झालं, कोर्टात तुझ्या नावानं काही निघालं नाही. तरी त्या मला पुन्हापुन्हा विचारत होत्या. कुठे जामीन राहिलास की काय, घर गहाण तर नाही? शेवटी तुझा तो जुना पांढरा कॉम्प्युटर आणी फ्लॉप्यांचा डबा त्यांनी माझ्याकडे धाडला. बघा भावजी, यात काही सापडलं तर, म्हणाल्या. मी नाही कसं म्हणणार?

आता आपलं शहाणपण बघ. तू पांढरा घेतलास म्हणून मी हट्टानं दुसऱ्या जातीचा, काळा घेतला होता. तुझी फ्लॉपी माझ्यात चालत नाही, माझी तुझ्यात नाही. आपली रहस्यकादंबरी आपण आळीपाळीनं लिहायचो, विषम भाग तुझे, सम माझे, आणी प्रत्येक वेळी कागदावर छापून एकमेकांकडे न्यायचो. दुसऱ्यानं ते सगळं परत टाइप करायचं. तेव्हा यात आपल्याला काही वेडगळ वाटलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

या वेळी गल्लीतल्या रेडिओवाल्याला धरून आणलं. त्यानं दोन्ही यंत्रांमध्ये वायर जोडून दिली. कितीतरी वेळ एक अक्षर येईना. मग त्यानं कपाळावर हात मारला. बोलायची तार बोलायच्या तारेला जोडलेली आणी ऐकायची ऐकायच्या तारेला. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. मला आपल्या दोघांची आठवण होऊन हसूच फुटलं. तारांची अदलाबदल केल्यावर अक्षरं यायला लागली, पण सगळा पालापाचोळा. तुझा क माझ्याकडे ठ होत होता. मग तुझं कुठलं अक्षर म्हणजे माझं कुठलं, असा तक्ता करत बसलो. डोळ्यांचं पार भजं झालं.

आपलं कशावरून फाटलं ते वहिनींना ठाऊक नसावं. वहिनी, हा छापखान्यात मुद्रितं तपासणारा, मी दातांच्या कवळ्या बनवणारा. म्हणून मी याला वेलांटी म्हणायचो आणी हा मला कवळ्या. शुद्धलेखन माझ्या सात पिढ्यांत नाही. 'आणि' हा शब्द मी जन्मभर दुसरी वेलांटी देऊन लिहीत आलोय, हे तुम्हाला एव्हाना दिसलंच असेल. मी आठवा भाग घेऊन आलो, तेव्हा यानं पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत माझी एकेक 'आणी' लाल शाईनं गोल करून मोठमोठ्यानं मोजली. सगळे खो खो हसले. मी कागद ओढून घेतले, म्हटलं, मर तू आणी तुझी वेलांटी, आणी चालू लागलो. आपला खुनी तेव्हापासून मोकाट आहे.

परवा दुपारी सगळा मजकूर उतरला. वाचायला लागलो तर मध्येच 'आणी'. म्हटलं, तक्ता चुकला, तुझी पहिली वेलांटी माझ्याकडे येऊन दुसरी होतेय. तक्ता तपासला, बरोबर होता. पुन्हा पाठवून बघितलं, पुन्हा आणी. मग लक्षात आलं की नवव्या भागात एकही नाही. दहाव्यात ढीगभर. अकरावा स्वच्छ, बाराव्यात परत ढीग. आणी माझ्या डोक्यात वीजच चमकली. सम भाग माझे! अरे, पण आठव्यानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही!

पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वाक्यं माझी होती. फौजदाराच्या शिव्या माझ्या. प्रेताची ओळख पटवायची तर दातांवरून, ही खोड माझी. मीच लिहून विसरलो की काय? तुझ्यासारखाच? खोटं नाही सांगत, आरशापुढे जाऊन स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणून बघितलं. मग चौदाव्या भागात ते वाक्य आलं, मयताच्या वरच्या दोन सुळ्यांमधले पाचही दात शाबूत होते. पाच! गाढवा, तिथे चार असतात, चार! हे मी मेलो तरी लिहिणार नाही. म्हणजे लिहिणारा तू.

एका वेलांटीवरून तू मला चारचौघांत उघडं पाडलंस, आणी मग घरी बसून, माझ्या पाळीला, तीच चुकीची वेलांटी स्वतःच्या हातानं देत राहिलास. एकही विसरला नाहीस. प्रत्येक वेळी तुझा जीव कसा कासावीस झाला असेल रे! मी भोकाड पसरलं, सांगूनच टाकतो. मला शॉक बसला असं वाटून रेडिओवाल्यानं धावत येऊन आधी प्लग उपटला.

वहिनी, आता नीट ऐका. कोर्ट नाही, कर्ज नाही, घर शाबूत आहे. मजकूर एकोणिसाव्या भागापाशी संपतो. त्याखाली यानं पुढचा मथळा टाकून ठेवलाय, 'प्रकरण विसावं', आणी खाली सगळं कोरं. विसावं सम आहे, म्हणजे माझं. तुला पुढे जमेना झालं, की माझ्यासाठी जागा राखलीस, ते तूच जाणे. तू माझी वाट बघत होतास आणी घरातले वकील गाठत होते! सोबत पानं जोडली आहेत. खुनी सापडला. दात चारच ठेवलेत. वेलांट्या मात्र तपासलेल्या नाहीत, तेव्हा वहिनी, याच्या हातात लाल पेन द्या. आणी आज यानं विचारलं, प्रकरण आलं का, तर सांगा, आलं.

तुझाच,
कवळ्या