सोमवारचं रेकॉर्डिंग

५ जानेवारी, सोमवार
गल्लीतले माग आज बंद. अकराला दार लावलं, पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद. नदीची चाल तीनदा घेतली. पहिल्यांदा भंगारवाला ओरडला. दुसऱ्यांदा मीच चुकले, बोटाला चिकटवलेलं नख तारेत अडकलं. तिसरी बरी. चॅनेलवर लावली. नाव ह्यांचंच. फोटोही तोच, नुसत्या वाद्याचा.
फ्रिज परत चालू करायचा विसरले. दूध नासलं.

८ जाने., गुरु.
शेजारच्या अनसूयाची भाची आली होती. वाद्याकडे बघतच राहिली. "मावशी, हे केवढं मोठं संतूर?"
"संतूर नाही. गुझेंग. एकवीस तारा. चीनचं आहे."
"चीनवरनं हितं कसं आलं?"
"हे टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. नवे माग शिकायला तीन महिने तिकडं पाठवलं होतं. येताना घेऊन आले."
"लोक मोबाइल आणतात की!"
मीही तेव्हा हेच म्हटलं होतं. साडी नाही, काही नाही, आणि ही पाच फुटांची पेटी.

१२ जाने., सोम.
माग बंद, पण गड्ड्याच्या जत्रेचे भोंगे चालू. रेकॉर्डिंग नाही. नव्या चालीचे आकडे वहीत उतरवले. चिनी अक्षर एक येत नाही, पण चाल ते लोक आकड्यांत लिहितात. १ २ ३ ५ ६. चार आणि सात क्वचित. हे म्हणायचे, "तुझी चौथी झालीय, ह्याला तेवढी पुष्कळ." मग मी त्यांच्या आधी पान वाचून दाखवायची. तसंच शिकले.
लिन गुरुजींचा नुसता अंगठा आला ५ तारखेच्या चालीवर. एरवी चार ओळी लिहितात. मलेशियात असतात, ऐंशीच्या पुढचे, हेच वाद्य शिकवायचे. नऊ वर्षं ह्यांच्या चुका काढतायत. 'डावा हात घाई करतो.' ते वाचून हे दिवसभर खूश.

१९ जाने., सोम.
एक छोटी चाल घेतली. दोन मिनिटांची. गुडघे दुखतात, जास्त बसवत नाही. लावली.

२१ जाने., बुध.
लिन गुरुजींचं आलं. फोन मराठी करून देतो ते सरकारी नोटिशीसारखं असतं, पण कळतं. उतरवून ठेवते.
'आदरणीय मित्रा, तुमचा डावा हात आता घाई करत नाही. परंतु बऱ्याच महिन्यांपासून काचेचा तो लहान आवाज ऐकू येत नाही. पूर्वी प्रत्येक चालीत एक-दोनदा येत असे. त्यावरून मला कळे की तुमच्या पत्नी जवळ बसल्या आहेत. त्या बऱ्या आहेत ना? विचारू नये असे असेल तर क्षमा करावी.'
फोन मीच धरायची. हात अवघडून हलला की बांगड्या वाजायच्या. हे चिडायचे, "आता परत पहिल्यापासून!" शेवटी शेवटी म्हणायचे, राहू दे.
बांगड्या दहाव्याला जाऊबाईंनी उतरवल्या. लेक शुभा नको नको म्हणत होती. मीच हात पुढे केला.
आता फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते. डबा हलत नाही.

२२ जाने., गुरु.
काही लिहिलं नाही त्यांना. त्यांना वाटतंय मी गेले. दिवसभर मनात तेच.

२३ जाने., शुक्र.
शुभाचा पुण्याहून फोन. तिला वाचून दाखवलं.
"आई, आठ महिने झाले. आता सांग ना त्यांना."
"मग ऐकणार कोण? ते बाबांचं ऐकतात."
"तुझं ऐकतायत गं! आठ महिने तुझंच ऐकतायत."
भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.
खरं कारण तिला सांगता आलं नाही. बँकेत, बिलावर, लग्नपत्रिकेत, सगळीकडे ह्यांच्या नावाआधी कै. लागलं. रेशन कार्डावरून नाव कमी केलं. त्या एका म्हाताऱ्याच्या घरात हे अजून चांगले आहेत. सोमवारी वाजवतात. तेवढी एक जागा राहिलीय, आणि तीही मीच...

२४ जाने., शनि.
अनसूया वाटी परत करायला आली, तिला बोलून गेले. ती तेलुगू, मला वदिना म्हणते, म्हणजे आपलं वहिनीच.
"एवढंच ना? मी धरते की फोन. माझ्या हातात डझनभर हायत."
"खोटं होईल गं ते."
"आणि आता काय लई खरं चाललंय, वदिना?"
सोमवारी ये म्हटलं.

२६ जाने., सोम.
शाळेचे भोंगे बारापर्यंत. एकला बसलो. अनसूयाला सांगितलं, अगदी थोडं वाजू दे. तिनं पहिल्यांदा देवळातल्या घंटेसारखा हात हलवला. दुसऱ्यांदा मध्येच "अय्यो, मुंगी!" तिसऱ्यांदा सगळं नीट झालं. बांगड्या दोनदा वाजल्या, जिथं वाजायला हव्यात तिथंच.
चहा पिऊन गेली. जाताना, "आता म्हातारा खूश."

२७ जाने., मंगळ.
लावलं नाही अजून. सकाळी ऐकलं. पहिल्या खेपेला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते. डोळे मिटले तर हे वाजवतायत आणि मी फोन धरून बसलेय.
दुसऱ्यांदा ऐकताना मात्र राग आला. अनसूयाचा नाही. डावा हात ऐकत होते. पाचव्या तारेवर दाब देऊन थांबते, ते हे कधी करत नव्हते. ते मी केलंय. हिवाळाभर बसून केलंय. आणि ते उचलून त्यांच्या पदरात टाकायचं, वर स्वतः बाजूला बसून बांगड्या वाजवायच्या.
पुसलं.

३० जाने., शुक्र.
पाठवलं. मराठीतच लिहिलं, फोननं इंग्रजी केलं. काय केलं ते त्यालाच माहीत.
'गुरुजी, नमस्कार. मी त्यांची पत्नी. मी बरी आहे. ते गेल्या वैशाखात गेले. तेव्हापासून वाजवते ती मी. आधी सांगायला हवं होतं. आमच्यात नवरा गेल्यावर काचेच्या बांगड्या काढतात, म्हणून आवाज येत नाही. घाई न करणारा डावा हात माझा आहे.'
शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं.
नंतर भिंतीवरचा ह्यांचा फोटो फडक्यानं पुसला. जेवले.

२ फेब्रु., सोम.
माग बंद. वाद्यावरचं कापड काढलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
अनसूया विचारते, "काय म्हणाला म्हातारा?" म्हटलं, काही नाही. "बांगड्याचं लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी आलं असतं." तिच्याशी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी तिनंच ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणून दिल्या. शेंगाचटणी माझी. बोललो.

९ फेब्रु., सोम.
शुभाला सांगितलं, वेगळं चॅनेल काढून दे. ह्यांचं आहे तसं राहू दे, त्यात आता काही घालायचं नाही.
"नाव काय टाकू?"
"माझं. दुसरं कोणाचं टाकणार?"
"फोटो?"
"वाद्याचाच टाक."
ह्यांच्या चॅनेलवर शेवटची ओळ तिनं लिहिली, की हे वारले, आणि पुढचं कुठं ऐकायचं ते. गुरुजींना ती दिसेल असं म्हणते. पाहिजे तर दिसेल.

१६ फेब्रु., सोम.
गुरुजींचं काही नाही. सतरा दिवस झाले. ऐंशीच्या पुढचं माणूस, आजारीही असेल. रागावलेही असतील, आणि ते चूक म्हणता येणार नाही. आठ महिने फसवलं.
नदीची चाल परत घेतली. एकाच खेपेत झाली. शेवटी बाहेर कोणाची तरी मोटरसायकल आहे, राहू दिली. नव्या चॅनेलवर बाराला लावली.
पाचला बघितलं, खाली ऐकणाऱ्यांचा आकडा १. दुपारी मी स्वतः एकदा ऐकली होती. आपलं आपण ऐकलेलं त्यात धरतात का, शुभाला विचारता येईल. आज नको.