जिचा चार्ज कुणी घेतला नाही

सोमवार, ३ मे २०२१. कराड.

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, मी सांगलीहून इथल्या कोविड सेंटरचं काम बघायला येऊन पाणीसुद्धा प्यायले नव्हते तेव्हा, माझ्या नर्सेसच्या बॅगा त्या राहतात त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर मांडून ठेवण्यात आल्या. मांडणारे अध्यक्ष उदयसिंह, निवृत्त सुभेदार. सीमेवर गोळ्यांना न भ्यालेले गृहस्थ चार दमलेल्या पोरींना भ्याले. जाब विचारला तर म्हणाले, "आवं मॅडम, समजून घ्या की. आमची बी लेकरंबाळं हायत." गेल्या वर्षी याच सोसायटीच्या गच्चीवरून यांनी थाळ्या वाजवल्या होत्या. थाळी वाजवायला लागतं काय? एक चमचा.

असो. मी आनंदात आहे. निवृत्त मेट्रनने घरी बसून मालिका बघायच्या, त्यापेक्षा हे बरं. कोविड सेंटर म्हणजे एक मंगल कार्यालय आहे. हॉलमध्ये खाटा, आणि नवरानवरी बसतात त्या स्टेजवर ऑक्सिजनचे सिलिंडर. मुलींना मी 'वरपक्ष' लिहिलेल्या खोलीत हलवलं. मीही तिथेच झोपणार. या पोरींना बदली नर्स मिळवून एकेकीला घरी पाठवायचं, मगच सांगलीला परतायचं, असं ठरवलं आहे. पाचगणीच्या शाळेतल्या नन्सनी लावलेल्या दोन सवयी अजून सुटल्या नाहीत: रोज डायरी लिहिणे आणि दिलेला शब्द पाळणे.

बुधवार, ५ मे

आज सेंटरचे मालक वीरधवल फोटोग्राफर घेऊन आले आणि त्यांनी मुलींवर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. मी बदली नर्सेस कधी येणार ते विचारलं. त्यांनी माझ्यावरही उधळल्या. पाकळ्या झाडायला आमच्या सफाईवाल्या धोंडुबाईच.

माझ्या पोरींपैकी दीपमाला विट्याकडची. तिचं पोर अडीच वर्षांचं आहे आणि आईला फोनवरच ओळखतं. दीर कोइमतूरच्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानातून गाडीभर माणसांत बसून आला, त्याला घरात पुरणपोळी. ही मध्ये एकदा गेली, तर सासूने ताट गोठ्यात ठेवलं. सांगताना पोरगी हसत होती. मला ते हसू आवडलं नाही.

पीपीई किटमध्ये कोण कोणती ते कळत नाही, म्हणून मुली एकमेकींच्या पाठीवर मार्करने नावं लिहितात. आज दुपारी हॉलमध्ये पाहिलं तर स्टेजजवळच्या खाटेशी एक पाठ कोरी होती. निष्काळजीपणा! बोलायला गेले तोवर ती सिलिंडरांमागे गेली होती. संध्याकाळी मुलींना झापलं. एकीनेही कबूल केलं नाही.

शुक्रवार, ७ मे

कोरी पाठ रोज दिसते. ड्युटीवर असतात चार, किट दिसतात पाच.

शेवटी धोंडुबाईंना कोपऱ्यात घेतलं. त्या पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "समीक्षा हाय ती. तुमी यायच्या आदी हुती. लय गुणाची पोर. किटातच चक्कर यिऊन पडली, स्टेजजवळच्या त्याच खाटंवर ठिवली, तितंच गेली. गावानं मयत बी घेतलं न्हाई." मी म्हटलं, मेलेलं माणूस किट घालून हिंडत नाही. तर म्हणाल्या, "व्हय, पन तिचा चार्ज कुनी घेतलाच न्हाई की बाई. मग ती जाणार कशी?"

हे वाक्य माझंच. तीस वर्षं मी ते विद्यार्थिनींना पाठ करायला लावलं: पुढची नर्स खाटेपाशी उभी राहून प्रत्येक रुग्णाचा चार्ज घेत नाही, तोवर आधीची ड्युटीवरच. मग घर जळत असो नाहीतर आई वारलेली असो. दीपमाला माझ्याच विद्यार्थिनीच्या हाताखाली शिकली. समीक्षाही.

वीरधवलना फोन केला. म्हणाले, ती सिस्टर रजेवर आहे.

रजेवर!

रविवार, ९ मे

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अडाणीपणा आहे. पण स्टेजजवळच्या खाटेशेजारचे आजोबा, हिंदुराव, म्हणाले की पाणी पाजणाऱ्या सिस्टरचा हात लय गार असतो, उन्हाळ्यात बरं वाटतं. त्यांना पाणी पाजायचं काम आज कुणाकडेच नव्हतं. मी विचारलं सगळ्यांना.

बदली नर्स आली नाही. दीपमाला आज जेवताना बसल्या बसल्या झोपली, घास हातात. मला कणकण आहे. उन्हाची असेल.

सोमवार, १० मे

मी घेतला.

भर दुपारी, ड्युटी बदलताना. ती समोर येऊन उभी राहिली. किटच्या चष्म्याच्या काचेवर आतून वाफ नव्हती. आमच्या सगळ्यांच्या काचेवर असते. तिने खाटेमागून खाट चार्ज दिला. कोण उपाशी आहे, कुणाला कुशीवर वळवायचं, हिंदुरावांना कोणत्या बाजूला कमी ऐकू येतं. इतका स्वच्छ चार्ज मला आयुष्यात कुणी दिला नाही. भीती वाटत होती, पण त्याहून संताप. एका पोरीला घरी जा म्हणायला या अख्ख्या तालुक्यात माणूस मिळू नये!

मी म्हटलं, घेतला, सिस्टर. जा तुम्ही.

ती दाराकडे गेली. उन्हात किट नुसतं खाली पडलं. रिकामं.

फार बरं वाटलं. ताप वाढलाय. दीपमाला मला धरून नेते आहे, कुठे ते—

मंगळवार

स्टेजजवळची खाट. त्यावर मी का—

दीपमाला रडते आहे. तिला म्हटलं, रडू नकोस, काचेवर वाफ येते. तिने ऐकलं नाही. दोनदा म्हटलं.

माझ्या काचेवर वाफ नाही.

बुधवार असावा

धोंडुबाईंनी माझा नंबरचा चष्मा पिशवीत बांधून ठेवला. त्याच्याशिवाय मला सगळं स्पष्ट दिसतं. लिहिताना हातात मोजा आहे. किट मी घातलं होतं का?

मुली एकमेकींच्या पाठीवर नावं लिहीत होत्या. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पाठीवर कुणी—

वीरधवल फोनवर सांगत होते, मेट्रन मॅडम सांगलीला गेल्या, वयच झालं होतं. मी समोर उभी होते. समोर!

—

दोन वाजले. चार्ज देते आहे. हिंदुरावांना उजव्या बाजूने कमी ऐकू येतं— दीपमाला, इकडे बघ— नको, बघू नकोस. घेऊ नकोस. तू घरी जा, पोराकडे जा. तुझ्याकडे देणार नाही—

श्री. वीरधवल, माझ्या जागी धडधाकट, झोप झालेली बदली नर्स पाठवा. पाकळ्या नकोत. आणि तिच्यानंतर तिचा चार्ज कोण घेणार, तेही कळवा. उद्या दुपारी दोनच्या आत लेखी उत्तर द्या. नाहीतर मी स्वतः तुमच्याकडे चार्ज द्यायला येईन, तुमच्या घरी, तुम्ही जेवायला बसला असाल तिथे, आणि तुम्ही 'घेतला' म्हणेपर्यंत मी तिथून—