लोवेलदादास, निळ्या पुस्तकाबाबत

किटरी, मेन
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप लोवेलदादा,

धाकट्या ऑरिनचा नमस्कार. (वाकून केला असता, पण गुडघ्याच्या डॉक्टरने वाकायला मनाई केली आहे, आणि तुझ्यासाठी डॉक्टरचा शब्द मोडावा असं गेल्या एकोणीस वर्षांत तुझ्या हातून काही घडलेलं नाही.) तुझी तब्येत उत्तम असणारच. ॲरिझोनाच्या उन्हात माणसं वाळतात पण नासत नाहीत म्हणे. खारवलेल्या कॉड माशाचंही तसंच असतं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं नाताळच्या कार्डावरून ग्लेनिसला कळलं. या दोघी जावा एकमेकींना कार्डं पाठवतात म्हणून आपण दोघं अजून जिवंत आहोत एवढं तरी एकमेकांना ठाऊक असतं. इकडे सर्व क्षेम. माझा रक्तदाब वर गेला आहे आणि स्वयंपाकघराचं छत खाली आलं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

अकरा वर्षं आपण बोललो नाही, आणि आज मी पत्र लिहायला बसलो, याचं कारण म्हणजे बाबांची प्रत सापडली. कसली प्रत, असं तू विचारशील, आणि तुझ्या तोंडी तो प्रश्न शोभूनही दिसेल. बाबांचं उभ्या आयुष्यात एकच पुस्तक होतं. पॅसिफिकमधल्या विनाशिका युद्धनौकांवर कुणा निवृत्त कमांडरने लिहिलेलं ते निळं, जाडजूड पुस्तक. त्यात 'एफ्राइम पेक' या जहाजावर एक अख्खं प्रकरण होतं, आणि 'एफ्राइम पेक'च्या पोटात, बॉयलरपाशी, बाबांनी तीन वर्षं काढली होती. पुढे तीस वर्षं इथल्या गोदीत पाणबुड्यांना वेल्डिंग केलं, पण त्या तीन वर्षांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. लढाईत कसं होतं असं आपण विचारलं की म्हणायचे, "गरम होतं." झालं युद्धवर्णन. दर रविवारी चर्चहून आल्यावर ते पुस्तक घेऊन दार लावून बसायचे, आणि आई आपल्याला अंगणात पिटाळायची. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "ते निळं तू घे." मला, दादा. तुला नाही. (तुला घड्याळ दिलं, ते तू घेतलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही.) नेमकं तेव्हाच माझ्या पित्ताशयाने डोकं वर काढलं. मी इस्पितळात पडलो, तू टूसॉनहून विमानाने आलास, हॉटेलची खोली रिकामी करावी तसं दोन दिवसांत बाबांचं घर झाडून काढलंस, आणि तीन खोकी वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीला देऊन परतीचं विमान पकडलंस. त्यातल्या एका खोक्यात ते निळं होतं.

पोटाला टाके असतानाच मी त्या विक्रीला गेलो. शेवटचा दिवस होता. त्या दिवशी कागदी पिशवीत मावेल तेवढं पाच डॉलरला मिळतं, तेव्हा मी आरमाराचं अख्खं फडताळ खरवडून आणलं. त्यात निळं पुस्तक होतं, पण त्यावर नाव नव्हतं. आता बाबा म्हणजे हातोडीवर, डब्यावर, छत्रीच्या मुठीवरसुद्धा नाव घालणारा माणूस. नाव नाही म्हणजे ही प्रत आपली नाही, असा मी निष्कर्ष काढला. आपली कुणीतरी आधीच उचलली असणार. म्हणून मी शोध सुरू केला, आणि माझी अधोगतीही तिथूनच सुरू झाली. एक पुस्तक शोधायला माणूस पोर्टलंडपर्यंतच्या चर्चांची तळघरं, अग्निशमन केंद्रांतली गाड्यांची दालनं आणि मेलेल्या लोकांच्या बैठकीच्या खोल्या पालथ्या घालतो, आणि इतक्या लांब गेल्यावर रिकाम्या हाताने कसं परतायचं, म्हणून काहीबाही घेऊन येतो. वर्षं गेली आणि काहीबाहीची तेवीसशे पुस्तकं झाली. "तुझे वडील एका जहाजावर होते," ग्लेनिस म्हणाली, "तू अख्खं आरमार घरात का आणतोयस?"

या उद्योगात मला मर्ल हॅस्केल भेटला. निवृत्त पोस्टमन, जन्माचा चिकट. आमच्या विक्रीला पहाटेपासून रांग लागते, आणि रांगेत माणसाऐवजी त्याचं रिकामं खोकं उभं राहिलं तरी चालतं. खोक्यावर नाव घालायचं आणि कॉफी प्यायला जायचं. मर्ल स्वतः कॉफी प्यायचा नाही. उभा राहून सगळ्यांची खोकी पायाने एकेक वीत मागे सरकवायचा. शेवटी आमचा तह झाला : भूदल त्याचं, आरमार माझं. सहा वर्षं तह उत्तम चालला, आणि मग मरीन सैनिकांवरचं एक बाड निघालं. मर्ल म्हणाला, "ते लढतात कुठे? जमिनीवर ना? मग माझे." मी म्हणालो, "येतात कशातून? तुझ्या टपालगाडीतून?" हा वाद मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात, पाद्रीबाईंच्या डोळ्यांदेखत, पुस्तक दोन्ही बाजूंनी धरून झाला. शिवण उसवली. जहाजावरचा अर्धा भाग माझ्या हातात राहिला आणि किनाऱ्यावरचा त्याच्या, म्हणजे खरं तर न्यायच झाला. तरी पाद्रीबाईंनी आम्हा दोघांना वर्षभर बंदी घातली. मर्ल दोन वर्षांमागे वारला. त्याच्या लेकीने त्याचं भूदल कचऱ्याच्या गाडीत भरलं, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ते पाहिलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं.

मधेच तो फोन झाला. अकरा वर्षांपूर्वी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. टर्की कापायच्या आधी मी सहज त्या पुस्तकाचा विषय काढला (सहज नव्हता, सकाळपासून मनात घोळत होता), आणि तू म्हणालास, "ते बरबटलेलं होय? पानापानावर पेन्सिलने काहीबाही लिहून ठेवलं होतं म्हाताऱ्याने. ते कोण घेणार होतं?" असं तू म्हणालास. तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं की बाबांनी समासात काही लिहिलं आहे. ज्या माणसाने आपल्याला तीन वर्षांच्या लढाईचे दोन शब्द दिले, तो रविवारमागून रविवार दार लावून समासात बोलत होता, आणि ते सगळं तू गाड्यांच्या जुन्या मासिकांबरोबर खोक्यात कोंबलंस. मी फोन आपटला. टर्की तशीच कोरडी झाली. तेव्हापासून निळ्या पुस्तकाची दिसेल ती प्रत मी घेत आलो आहे. आजवर नऊ झाल्या. एकीच्या समासात वाणसामानाची यादी निघाली, आणि एकीत कुणा पोराने विमानवाहू जहाज बुडवणारा अष्टपाद काढला होता. तो कमांडरच्या नकाशांपेक्षा स्पष्ट होता.

आता छताचं. माझी पुस्तकांची खोली बरोबर स्वयंपाकघराच्या वर आहे. गेल्या महिन्यात ग्लेनिस चुलीशी माशांचं चाउडर ढवळत असताना वरून परातीएवढा गिलावा थेट पातेल्यात पडला. सुताराने येऊन तुळईला हात लावला आणि टोपी काढली. मयताला आलेला माणूस काढतो तशी. ग्लेनिस ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मी घाबरतो. ती म्हणाली, "ऑरिन, वर आरमार आणि खाली मी. दोहोंतलं एक ठेव." त्रेपन्न वर्षांच्या संसारानंतर विचार करायला मी किती वेळ घ्यावा, हे मला कळायला हवं होतं. मी जरा जास्त घेतला.

तर मग एक्सिटरहून जुन्या पुस्तकांची व्यापारी बोलावली. बीट्रिस कोनंट नावाची, पन्नाशीची, गळ्यात दोन चष्मे. मी कॉफी केली, फडताळं पुसली, स्वच्छ शर्ट घातला. तिने तेवीसशे पुस्तकांतून चाळीस मिनिटांत एकतीस बाजूला काढली. बाकीच्यांचं काय, मी विचारलं. "मिस्टर पेटेंगिल," ती म्हणाली, "तुमच्या वयाचे गृहस्थ एकामागून एक जातायत, आणि सगळे हेच मागे ठेवून जातायत. मी ही कुणाला विकू?" इतक्या सभ्यपणे आजवर मला कुणी मेलेला म्हटलं नव्हतं. मग तिला सर्वांत वरच्या फळीवर निळं पुस्तक दिसलं. त्या नवांतलं नव्हे, हे दहावं. माझी पहिली प्रत, पाच डॉलरच्या पिशवीतली. तिने पहिलं पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथलं एक पान कुणीतरी पात्याने कापलंय." मग खिडकीशी जाऊन पुस्तक तिरपं धरलं आणि मला बोलावलं. कापलेल्या पानाच्या खालच्या पानावर नावाचे वळ उमटले होते. एव्हरेट पेटेंगिल. बाबा हातोडीवर नाव घालायचे त्याच जोराने घातलेलं. दादा, एकोणीस वर्षं ते माझ्या घरात होतं.

पानं उलटली, तर समास कोरे. सगळे. "इथे भरपूर लिहिलेलं होतं," बीट्रिसबाई म्हणाली, "पण पुसलंय. ज्याने पुसलंय ना, त्याचा हात पक्का आहे हं. कागद जराही खरवडलेला नाही." तिला ती स्तुती वाटत होती. उजेडात धरून आम्ही तासभर प्रयत्न केला. पेन्सिल जोरात दाबली होती तेवढाच एक शब्द वाचता येतो, तो मात्र चौदा ठिकाणी. खोटं. कमांडर लिहितो, खलाशांचं मनोधैर्य उत्तम होतं. समासात, खोटं. कमांडर लिहितो, बॉयलरमधल्या स्फोटात कुणीही तडफडलं नाही. खोटं, आणि त्याखाली सात ओळींचे वळ आहेत, त्यांतलं एक अक्षर लागत नाही.

तर दादा, नाव कापणारा हात तुझा. नाकारू नकोस, आईच्या मासिकांतून बेसबॉलवाल्यांची चित्रं तू अशीच कापायचास, काठ सोडून सरळ. परक्याच्या घरी आपलं नाव जायला नको म्हणून कापलं असशील. पण त्या नावाने मी ते पुस्तक पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. आणि ज्या कुणा मूर्खाने पुढे त्याचे समास पुसले, त्याला देवाने सद्बुद्धी द्यावी, किंवा न द्यावी. आता उपयोग काय? दोघांनी मिळून बाबांना गप्प केलंत. त्यांना तशी सवय होतीच.

वहिनींना सप्रेम नमस्कार. राग मानू नये असं लिहिण्याचा रिवाज आहे, पण तू खुशाल मान.

तुझा धाकटा भाऊ,
ऑरिन

ता. क. एकतीस वजा जाता उरलेली पुस्तकं अर्धी अर्धी वाटून घ्यावीत, अशी माझी इच्छा होती. अकराशेच्या वर पुस्तकं टूसॉनला पाठवायचा खर्च विचारला. आता ती इच्छा नाही.

ता. क. दुसरा. वर जिथे 'ज्या कुणा मूर्खाने' असं लिहिलं आहे, तिथे माझं नाव वाचावं. आम्हा जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांत रीत आहे, आणि मी ती पहिल्या पिशवीपासूनच धरली, की जुनं पुस्तक घरी आलं की आधी त्याची आंघोळ. वाचनालयाची चिकटपट्टी केस वाळवायच्या यंत्राने सोडवायची, पेन्सिल मऊ खोडरबराने काढायची, भुसकट दाढीच्या ब्रशने झाडायचं. दुसऱ्याची पेन्सिल म्हणजे आमच्या दृष्टीने मळ. मळ कुणी वाचत नाही. टाके बरे होईपर्यंत मला दुसरं काम नव्हतं. रेडिओवर सामने ऐकत मी चार संध्याकाळी ते पुस्तक पुसलं. वस्तूंवर घातलेल्या नावापलीकडे बाबांचं अक्षर मला ठाऊक नव्हतं. कार्डंसुद्धा आईच लिहायची. कोण हा दीडशहाणा, पानोपानी कमांडरला खोटा ठरवतोय, असं वाटून मी काही ठिकाणी जोर लावल्याचंही आठवतं. तू फोनवर पेन्सिलचं बोललास, तेव्हा मला ते पुसलेलं पुस्तक आठवलं, आणि मी फोन आपटला. तुला वाटलं तुझ्यावर चिडून. ती प्रत मी त्याच दिवशी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली, आणि मग अकरा वर्षं दुसऱ्या नऊ शोधत हिंडलो. ग्लेनिसला हे अजून सांगितलेलं नाही.

ता. क. तिसरा. पत्र यासाठीच लिहिलं. माझ्याआधी ते पुस्तक उघडलेला माणूस तू एकटाच आहेस. बरबटलेलं आहे हे तुला दिसलं, म्हणजे तू ते चाळलंस, आणि चाळताना माणसाची एखाद्या ओळीवर नजर पडतेच. बॉयलरच्या स्फोटाचं पान एकशे ब्याण्णव. डावा समास, सात ओळी. ते नसेल आठवत तर दुसरं कुठलंही. एक ओळ दे, दादा, चुकीची आठवली तरी चालेल. नुसतं 'खोटं' मात्र कळवू नकोस. तेवढं माझ्याकडे आहे.