नकाशात नसलेली विहीर

केदारखेडा,
१२ मार्च १९७४

वसंतादादास कौसल्येचा जयभीम.

अणुभट्टीतला विषारी कचरा आपल्या गायरानात पुरायचं सरकारनं ठरवलंय. काल साहेब ते सांगायला आले. तू काढलेला नकाशा उघडून म्हणाले, "इथं अर्ध्या कोसात पाणी नाही, म्हणून ही जागा निवडली."

शेजारच्या चांगुणामावशी डोक्यावर भरला हंडा घेऊन उभ्या होत्या. "मंग साहेब, ह्या हंड्यात काय मी घाम भरून आणून राह्यले?"

सगळे हसले. साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. मला हसता आलं नाही.

गायरानातली आपली विहीर तू का दाखवली नाहीस, ते मला ठाऊक आहे. गावच्या विहिरीवर चढू देईनात, म्हणून आपल्या माणसांनी ती बिनपरवाना खोदली. नकाशावर आली असती, तर अतिक्रमण म्हणून बुजवली असती. तू तिला वाचवायला लपवलंस आणि त्यांना जागा कोरडी वाटली.

उद्या लेखी हरकत द्यायची आहे. वस्तीत लिहिणारी मी एकटीच, आणि अक्षरं मला तूच शिकवलीस. विहिरीचं लिहिलं तर मोजणी खात्यातली तुझी नोकरी जाईल. तरी मी लिहिणार आहे: विहीर आहे, आम्ही खोदली, बारा घरं तिचं पाणी पितात, आणि आम्ही तिथून हलणार नाही.

तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. हे पत्र मिळालं तर तू "नको" म्हणशील. म्हणून मी ते टपालात टाकणार नाही.

तुझीच,
कौसल्या