उजव्या हाताची उंची

दि. ९ जानेवारी

चि. सूनबाई,

आम्ही उभयता कुशल आहोत. तुम्हां दोघांचे कुशल चिरंजीवाकडून कळते. पत्रारंभी वडीलधाऱ्याने जो शब्द लिहावयाचा, तो मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या खांद्यातून चुना काढला. हसू नकोस. ज्या स्नायुबंधाच्या बळावर हात वर उचलला जातो, त्यातच चुन्याचा खडा साचला होता. तो का साचतो, असे डॉक्टरीणबाईंना विचारले. म्हणाल्या, “नक्की कुणालाच ठाऊक नाही, आजोबा.” इतके स्वच्छ उत्तर मी भाष्यकारांच्या ग्रंथांतही क्वचितच वाचले आहे.

खांदा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत, त्यांनी सुई थेट खड्यात नेली. खारे पाणी आत दाबायचे आणि सोडायचे. परतताना ते चुना घेऊन येते. मी मान वाकडी करून पाहू लागलो.

“हलू नका! सगळे डोळे मिटून घेतात, तुम्हीच डोकावताय.”

“बाई, आयुष्यभर देहाविषयी वाचले, आत पाहण्याचा योग आजच आला.”

त्यांनी सिरिंज उजेडात धरली. पाणी दुधासारखे पांढरे, तळाशी गाळ बसू लागलेला. आणखी एक नवल ऐक: खडा घट्ट असतो तोवर फारसा दुखत नाही. शरीर तो आपण होऊन विरघळवू लागले, की वेदना असह्य होतात. यावर मी अजून चिंतन करीत आहे.

दुधावरून आठवले. कुणाला न सांगता काढलेल्या एक्स-रेत चुना दिसल्यापासून, दुधातही चुनाच असतो म्हणून, मी दूध वर्ज्य केले होते. हे ऐकून बाई खळखळून हसल्या. “खाण्यापिण्याचा याच्याशी काही संबंध नाही. खुशाल प्या!” म्हणजे लग्नानंतर तू प्रथम घरी आलीस, तेव्हा रोज संध्याकाळी आणलेला पेला मी परत पाठवला, तो निष्कारणच.

चिरंजीव म्हणाला, “बाबा, तिला वाटतं, तिच्या हातचं तुम्हाला चालत नाही.” तेव्हापासून तो एकटाच येतो. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “खांदा दुखत होता, जीभ तर दुखत नव्हती ना?”

दुधाचे एक वेळ राहू दे. पहिल्याच दिवशी तू सर्वांसमक्ष माझ्यापुढे वाकलीस आणि माझा हात उठला नाही. तो अंगापासून बोटभरही सुटत नव्हता. डावा मोकळा होता. परंतु नव्या सुनेच्या मस्तकी डावा हात ठेवावा, हे माझ्या बुद्धीला पटेना. पुढे यथासांग देऊ, असे ठरवून मी गप्प राहिलो. तू किती वेळ वाकून थांबलीस, ते मी पाहिले आहे.

व्यायाम शिकवणारा मुलगा मला भिंतीवर बोटे चालवायला लावतो. हात कुठवर जायला हवा, असे त्याने विचारले. मी पेन्सिलीने रेघ ओढून घेतली.

“आजोबा, याच्याही वर नेऊ की!”

“मला एवढेच पुरे.”

ती रेघ तुझ्या उंचीची आहे. चिरंजीवाला विचारून घेतली. आज सकाळी बोटे तिथे टेकली. दुखले, पण टेकली.

रविवारी ये. मात्र या खेपेस वाकू नकोस. ताठ उभी राहा. आणि दुधात साखर थोडी जास्त घाल.

अनेक उत्तम आशीर्वाद. उजव्या हाताने.

तुझे बाबा