सरकीची पोती आणि पाण्यातला पंखा

२ जानेवारी २००६, सोमवार. सकाळी ८.
लाइट गेली. दुपारपर्यंत येत नाही. माझ्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात मोटार एकही नाही. कापसाला भाव नाही, म्हणून लोक जळालेली मोटार जळालेलीच ठेवतात, नवी तार भरायला आणत नाहीत. शेजारच्या खोलीत बायकोची, म्हणजे नलूची, पिठाची गिरणी मात्र लाइट आली की सुरू. तिच्या डब्यांची रांग माझ्या पायरीवर.
आज बायको स्पष्टच बोलली. दुकान रिकामंच हाय, तं मले तिथं मिरची कांडपाची मशीन ठेवू द्या. मी म्हणालो, समोर कालवा वाहतोय. त्यात टर्बाइन टाकतो, तुझी गिरणी लाइटशिवाय चालवून दाखवतो. ती म्हणे, सव्वीस जानेवारीपर्यंत पाहीन, मंग कांडप.
मान्य केलं. चोवीस दिवस म्हणजे फारच झाले.

३ जाने.
तत्त्व सोपं आहे. पंखा वीज खातो, वारा देतो. उलटा लावला की पाणी खाईल, वीज देईल. सीलिंग फॅनची पाती, दोन्ही टोकं कापलेला तेलाचा ड्रम, वर ट्रॅक्टरचा डायनामो, मध्ये पट्टा. आयटीआयचं तोंड न पाहता बावीस वर्षं मोटारी भरतोय. मीटर लावत नाही. मला कानाने कळतं.

७ जाने. संध्याकाळ.
टर्बाइन पाण्यात! कालव्याचा चौकीदार पूनमसिंग म्हणाला, उकंडाभाऊ, साहेब आले तं मी तुमाले वळखत नाई. म्हटलं, मंजूर.
हेडलाइटचा बल्ब जोडला. आतली तार लाल झाली. पूनमसिंग म्हणे, उदबत्तीपेक्षा जास्तच हाय. हे मी प्रशस्तिपत्र समजतो. आता फक्त एफिशिअन्सी वाढवायची.

९ जाने.
नलूने विचारलं, गिरणी कधी? तिला समजावलं की बल्ब आणि गिरणी यांत फरक फक्त आकाराचा. म्हणे, मांजर आन् वाघातही तेवढाच हाय, जा, त्याले वाटीत दूध ठेवून पाहा.
शिक्षण कमी पडतं.

१२ जाने.
पाती जास्त वाकवली. बांबूचं एक टोक पाण्यात, दुसरं कानाला. आवाज कालपेक्षा भरीव. एफिशिअन्सी किमान दुप्पट. बल्ब मात्र तेवढाच. बल्ब जुना असावा.

१३ जाने.
नवा बल्ब. तेवढाच. कंपन्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

१५ जाने.
चूक सापडली. माझी नाही, पाण्याची. पसरट वाहतं. दोन्ही काठांनी पोती रचून त्याला ड्रमच्या तोंडात कोंबलं पाहिजे. पूनमसिंग म्हणे, रेती भरा ना भाऊ पोत्यात. रेती! रेतीतून पाणी पाझरतं. मी म्हटलं, सरकी. कपाशीचं बी भिजलं की फुगतं, फट राहत नाही.
जिनिंगवाल्या रामरावांकडे गेल्या सालची सरकी पडून होती. कापसाबरोबर तिलाही गिऱ्हाईक नाही. त्यांची मोटार भरून दिली, चाळीस पोती आणली. रामराव म्हणे, सरकीचा बांध काही जन्मात पाह्यला नाई बावा. माणूस चांगला आहे. विज्ञान वाचलेलं नाही.

१७ जाने. संध्याकाळ.
पोती फुगली. पाण्याला अशी धार आली की पट्टा शिटी मारायला लागला. बल्ब पांढराशुभ्र! पूनमसिंगने टोपी काढली. नलूला बोलावलं. पीठ झटकत आली, बराच वेळ पाहत राहिली. म्हणे, खरंच उजेड पडून राह्यला की वो.
बावीस वर्षांत असं बोलली नव्हती. त्या भरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून टाकलं: सव्वीसला झेंडावंदन झालं की सगळे कालव्यावर या.

२० जाने.
उजेड जरा उतरला. पण अंधार पडल्यावर बांबूत नवा आवाज. चपचप, चपचप, मध्येच फुर्र. पुस्तकात आहे हे. पात्यांभोवती बुडबुडे फुटतात, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. मोठ्या धरणांतल्या टर्बाइनला होतं. म्हणजे आपण त्या लेव्हलला पोचलो.

२१ जाने.
नलू खूश. आमच्या म्हशीने दूध वाढवलं. मी इथे कॅव्हिटेशनमध्ये, हिचं दूध कुठे मध्येच.

२३ जाने.
कॅव्हिटेशन वाढलं. आता तीन-चार ठिकाणांहून येतं. बल्ब परत उदबत्तीवर. पाती पुन्हा वाकवली. वाटेत रामराव भेटले. त्यांच्याही म्हशीचं दूध वाढलं म्हणे. गावात सध्या दुसरा विषय नाही. टर्बाइनचं कोणी विचारत नाही. लोकांना भविष्याशी घेणं नाही.

२६ जाने. दुपारी.
लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात.
झेंडावंदन झालं. पन्नासेक माणसं कालव्यावर आली. कालव्यात सात म्हशी. गळ्याइतक्या पाण्यात उभ्या, तोंडं पोत्यांत. चपचप, चपचप. मध्येच फुर्र.
सगळ्यात पुढे आमची.
सरकी जवळजवळ संपलेली. रिकामी पोती पात्यांना गुंडाळून टर्बाइन गप्प. कोणीतरी ओरडलं, उकंडाभाऊ, गिरणी राहू द्या, आता डेअरीच टाका! माणसं हसून हसून काठावर बसली. पूनमसिंग म्हणाला, मी यायले वळखत नाई. साहेब आलेलेही नव्हते.
नलू हसली नाही. काठावरून एक हाक मारली. म्हैस निमूट बाहेर आली. दोघी घरी गेल्या.

२७ जाने.
विचार केला. तत्त्व बरोबर होतं. सरकीत मीठ घालायला हवं होतं, म्हशींनी तोंड लावलं नसतं.
पूनमसिंग म्हणे, मीठ तं त्यायले अजून आवडते.

३० जाने. सकाळी.
दुकानात परवा कांडपाची मशीन बसली. शिंका. पाती पुन्हा छताला लावली, मशीन चालू असताना पंखा लावायला बंदी. तिखट उडतं. ड्रम उभा चिरून नलूने म्हशीची गव्हाण केली. मला मागच्या खोलीत टेबल दिलंय.
कांडपाची मोटार भिंतीतून ऐकू येते. बेअरिंग वाजतंय. आठ दिवसांत जाम होणार. नलूला सांगायचं नाही. पक्कं ठरलं.

दुपारी ४.
सांगितलं.
तिने मान वर न करता पाना पुढे केला. म्हणे, मले परवाच ऐकू आलतं. तुमी कवा येता, ते पाहून राह्यलती.