मागे बसण्याची पूर्वतयारी

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. माझ्या आयुष्यात क्रांती होतेय, आणि तिची नोंद दुसरं कोण ठेवणार?

साहेबांनी नोटीस लावली आहे. आमच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेतली ड्रायव्हर आणि अटेंडंट ही दोन्ही पदं पुढच्या महिन्यापासून बंद. सगळ्यांचं एकच पद : आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. एकोणीस वर्षं मी नुसता ड्रायव्हर होतो. आता तंत्रज्ञ! हिला सांगितलं. ही म्हणाली, नोटीस शेवटपर्यंत वाचलीत का? बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतंच.

दुपारी २
नोटीस शेवटपर्यंत वाचली. खाली बारीक अक्षरात : महिनाअखेरीपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरने पेशंटबरोबर मागे बसून किमान एक फेरी करायची, आणि प्रत्येक अटेंडंटने एक फेरी गाडी चालवायची. जो करणार नाही त्याची बदली गाड्या धुण्याच्या शेडमध्ये. पद : मदतनीस.

एक फेरी! एक म्हणजे काय, दहा करीन. मागे बसायला असं काय लागतं? बसायलाच तर लागतं.

हात जरा गार पडले होते. पंख्याखाली बसल्यामुळे.

४ मार्च, मंगळवार
ताई म्हणजे माझ्या गाडीवरची अटेंडंट. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण सगळे तिला ताईच म्हणतात. अकरा वर्षं मी पुढे, ती मागे. मध्ये सरकती काच. ती मी बंद ठेवतो. मागचे आवाज आले की लक्ष विचलित होतं. सुरक्षेचा प्रश्न आहे.

ताई म्हणाली, दादा, आजच उरकून टाकू, मी चालवते. मी म्हटलं, अगं, या गाडीचा क्लच तुझ्या पायाला सवयीचा नाही. ती म्हणाली, क्लचला तरी तुमची कुठे सवय झालीय, रोज रडतो. मी फडकं घेऊन काच पुसायला लागलो.

६ मार्च, गुरुवार
सुचलं! पद स्वीकारण्याआधी पदाचं मूळ माहीत पाहिजे. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं आपलं काम नाही. या क्षेत्रातल्या सगळ्या पदनामांचा इतिहास मी लिहिणार. ट्रेनिंगच्या खोलीत भिंतीवर लागेल. आधी इतिहास, मग फेरी.

साहेबांना प्रस्ताव दिला. ते फोनवर होते. हाताने काहीतरी खूण केली. मी ती होकार म्हणून घेतली.

९ मार्च, रविवार
दिवसभर वाचनालय. संशोधनाला जोर चढला आहे.

अ‍ॅम्ब्युलन्स. मुळाशी चालणं या अर्थाचा लॅटिन शब्द. सैन्याबरोबर चालणारं इस्पितळ, ते हे. म्हणजे मूळ गोष्ट चालणं. म्हणजे चालवणारा हाच कणा. मागे बसणारे नंतर आले असावेत.

ड्रायव्हर. मूळ अर्थ गुरं-घोडी हाकणारा. हे भिंतीवर लिहिणार नाही.

११ मार्च, मंगळवार
मनगट मोडलेल्या एका बाईंचा कॉल. स्वतःच्या पायांनी चालत आल्या, वर हसत होत्या. ताई म्हणाली, दादा, याहून सोपी फेरी जन्मात मिळणार नाही, चढा. मी तेव्हा टायरची हवा तपासत होतो. अर्धवट कशी सोडणार? चारही टायर होईपर्यंत ताई कंटाळून स्वतःच मागे चढली आणि दार लावून घेतलं. यात माझा काय दोष?

पाचवं टायरही तपासलं होतं, स्टेपनीचं. ते लिहायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार
सुट्टी. वाचनालय. आजचं संशोधन फार पुढे गेलं. जायला नको होतं.

पूर्वी काही देशांत पेशंटला न्यायला प्रेत नेणारीच गाडी यायची. माणूस आडवा मावेल अशी गाडी अंत्यविधीच्या दुकानदाराकडेच असायची, म्हणून दोन्ही कामं तोच करायचा. म्हणजे पेशंट जगला तर एक काम, नाही तर दुसरं. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. त्या ड्रायव्हरला काय म्हणायचे ते पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, पाणी देऊ का? म्हटलं, उकडतंय. त्यांनी स्वेटर घातला होता.

अटेंडंट हा शब्दही पाहिला. कुणाकडे तरी लक्ष लावून जवळ थांबणं, एवढाच अर्थ. यात तांत्रिक असं काहीच नाही.

१७ मार्च, सोमवार
ट्रेनिंग. रबराच्या पुतळ्याची छाती दाबून दाखवायची. मी अशी दाबली की ट्रेनर म्हणाले, व्वा! ताईकडे बघितलं. ती म्हणाली, पुतळ्यावर तुमचा हात बसलाय, आता माणसांकडे वळा.

पुतळा चांगला असतो. तो आपल्याकडे बघत नाही.

१९ मार्च, बुधवार
आजचे कॉल चार. मागे बसलो नाही त्याची कारणं नोंदवून ठेवतो, साहेबांनी विचारलं तर हाताशी असावीत. पहिला : पेशंट फार लठ्ठ, पुढे वजन हवं. दुसरा : पेशंट फार बारीक. तिसरा : माझ्या पाठीत उसण. चौथ्याला कारण सुचलं नाही म्हणून शौचालयात गेलो आणि ताईने हाका मारणं बंद करेपर्यंत थांबलो.

घरी मुलीने विचारलं, बाबा, तुला भीती वाटते का? मी इतका हसलो की चहा नाकात गेला. हिने पाठ थोपटली. थोपटता थोपटता म्हणाली, एवढं हसू येण्यासारखं काय विचारलं तिने?

२४ मार्च, सोमवार
इतिहास अकरा पानं झाला. फेऱ्या शून्य.

आज ताई चिडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, तुम्ही मागे बसल्याशिवाय मला स्टिअरिंग मिळत नाही. तुमच्यापायी मीसुद्धा बादली घेऊन शेडमध्ये जायचं का? मला दोन मुलं आहेत, त्यांना सांगून बसलेय की आई तंत्रज्ञ होणार. दिवसभर दादा म्हणाली नाही. काच बंदच होती, पण आज ती बंद असल्याचं कळत होतं.

उद्या नक्की.

२७ मार्च, गुरुवार. पहाटे ५
खरं लिहितो. वाचतंय कोण?

एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीचा दुसरा दिवस होता, गाडी अजून हातात दिली नव्हती. अटेंडंट आला नव्हता, मला मागे बसवलं. पेशंट माझ्याच वयाचा. त्याने विचारलं, पोचतोय ना आपण? मी म्हटलं, हो, आलंच. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. पुढची बारा मिनिटं मी त्याला आलंच, आलंच म्हणत होतो. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवण्याची परीक्षा मागून घेतली आणि काच बंद केली.

मला भीती वाटते. टायरची नाही, क्लचची नाही. माझ्यासमोर माणूस जाईल आणि मी आलंच आलंच म्हणत बसेन, याची.

वरचा मजकूर खोडायचा आहे. जाड पेन आणून नीट खोडीन.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
साहेबांनी बोलावून सांगितलं, आज नाही तर शेड. ताईने मला न विचारता किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. सीट पुढेही ओढली. एकोणीस वर्षांची ती जागा!

मी तयार आहे. बुटांच्या नाड्या तीनदा बांधल्या, उत्साहाने.

संध्याकाळी ६
झालं. फेरी झाली!

सविस्तर लिहितो. एका आजींना धाप लागली होती. दुसरा मजला, घरात एकट्या. मुलगा कुठेतरी लांब, फोन शेजारणीने केला होता, आणि तिला कामावर जायचं असल्याने ती काही सोबत आली नाही. ताईने आजींना प्राणवायूचा मास्क लावला, बोटाला यंत्र लावलं आणि मला म्हणाली, दादा, दर पाच मिनिटांनी हा आकडा कागदावर लिहायचा, नव्वदच्या खाली गेला की काच ठोकायची, बाकी काही करायचं नाही. दादा म्हणाली. मी चढलो. दार लागलं. मागचं दार लागताना आत एवढा मोठा आवाज होतो हे मला ठाऊकच नव्हतं.

गणवेशाचं जाकीट पुढच्या सीटवर राहिलं. रोज तिथेच टांगतो, हाताला तीच सवय.

आकडा ब्याण्णव. आजी माझ्याकडे बघतायत. टक लावून. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सुरू झालो. अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे चालणं, सैन्य, इस्पितळ. तोंड थांबेचना. प्रेताच्या गाडीचंसुद्धा सांगितलं. सगळं. दुकानदारासकट. आजींनी मास्क वर केला आणि म्हणाल्या, गप बस रे जरा.

गप बसलो. तेवढ्यात सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि माझा श्वासच अडकला. घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला. आजींनी माझा हात धरला. मास्कमधूनच म्हणाल्या, माझ्याबरोबर घे. आत. आता बाहेर. सावकाश. पुन्हा. उजवा हात धरला होता, लिहायचा. सोडा म्हणायचा धीर झाला नाही. खरं तर सोडवायचाच नव्हता. इस्पितळ येईपर्यंत आम्ही दोघं श्वास घेत होतो. त्यांचा आकडा पंचाण्णव झाला. माझ्या बोटाला यंत्र लावलं असतं तर सत्तर भरला नसता.

इस्पितळात काउंटरवरच्या सिस्टरने विचारलं, सोबत कोण? मी तोंड उघडलं. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, तीन शब्द, अकरा पानं लिहिलीत त्यावर. आवाजच फुटला नाही. आजी म्हणाल्या, हा माझा मुलगा. भित्रा आहे, पण आलाय.

ताईला लगेच दुसरा कॉल आला, ती दुसऱ्या अटेंडंटला घेऊन गेली. मी सिस्टरने दाखवलं तिथे सही केली. नंबर दिला. औषधं आणली. आजींची म्हणून सिस्टरने एक रुमालाची पुरचुंडी दिली, ती न उघडता डब्याच्या पिशवीत टाकली. आजींना वॉर्डात नेईपर्यंत चार तास बाकावर बसलो. कुणी काही विचारलं की उठून उभा राहत होतो.

आजी जिवंत आहेत. मी मागे होतो आणि त्या जिवंत आहेत. घरी येऊन हिला सांगताना रडू आलं. ही मुलीला म्हणाली, बाबांना आधी बसू दे.

आता तंत्रज्ञ. उद्या पाटी करायला टाकावी का?

३१ मार्च, सोमवार
यादी लागली.

ताई : आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ.
मी : मदतनीस, गाड्या धुण्याची शेड.

साहेबांकडे धावलो. त्यांनी फेरीचा कागद पुढे केला. आकड्यांचे रकाने कोरे. इस्पितळाच्या नोंदीत, मागे कर्मचारी : कोणी नाही. नातेवाईक : मुलगा. खाली सही. साहेब म्हणाले, सही तुमचीच ना? होती माझीच. चांगली वळणदार आली आहे.

ताई माझ्या बाजूने भांडली, टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, पेशंटजवळ कर्मचारी नव्हता असं कागद सांगतो, आता मी कागद खोटा पाडू का? मी इतिहासाची अकरा पानं त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, सध्या भिंतीला ओल आहे.

ही म्हणाली, जाऊ दे, शेडमध्ये पंखा आहे का? नाही.

१ एप्रिल, मंगळवार. शेड. सकाळी १०.२०
९.१० : इस्पितळाचा फोन. उचलला नाही. हाताला साबण होता.
९.२५ : पुन्हा. बादली भरत होतो.
९.४० : पुन्हा. आता कारण नाही. इस्पितळातून नातेवाइकाला सकाळी सकाळी तीनदा फोन कशासाठी येतो हे एकोणीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. रविवारी भेटायला जायचं ठरवलं होतं. गेलो नाही, पाटीचा कागद आखत बसलो होतो. फोन उलटा करून ठेवला. उलटा ठेवला तरी हलत होता. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसलो आणि श्वास घेऊ लागलो. आत. बाहेर. सावकाश.

१०.०५ : चौथ्यांदा. ताई गाडी धुवायला घेऊन आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, फोन उचलला, ऐकलं आणि हसत माझ्या कानाला लावला.

सिस्टर होती. म्हणाली, तुम्ही मुलगा ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, आजी म्हणाल्याच होत्या, तो भित्रा आहे, तीनदा उचलणार नाही, चौथ्यांदा करा. बऱ्या आहेत. अकराला सोडतोय, न्यायला या. आणि त्यांची कवळी म्हणे तुमच्याकडे आहे, ती आठवणीने आणा, चार दिवस बिचाऱ्या नुसतं पातळ खातायत.

डब्याची पिशवी उपसली. तळाशी रुमालात गुंडाळलेली होती. वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे दात.

ताई गाडी फिरवून दारात उभी आहे, हॉर्न वाजवतेय. भीती वाटतेच आहे. पण कवळी तर द्यायलाच हवी.